गेल्या सालचा भाव व पुढील सालचा संसार

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून)

शेतकऱ्याच्या घरीं जमाखर्चाची वही असो वा नसो, पुढील सालच्या उत्पन्नाचा एक अंदाज मात्र प्रत्येक घरीं बांधलेला असतो. तो कोठें लिहिलेला नसतो, व घरांतील माणसें त्यास अंदाज असें म्हणतहि नाहींत. परंतु मुलीचें लग्न यंदां करावें कीं पुढल्या सालीं, मुलास शहरांतील महाविद्यालयांत घालावें कीं नाहीं, विहीर खोल करावी, कीं हप्त्यानें ट्रॅक्टर घ्यावा, ह्या सर्व प्रश्नांचीं उत्तरें त्या न लिहिलेल्या आंकड्यावरूनच दिलीं जातात. तो आंकडा खरा ठरला तर घर वर येतें; खोटा ठरला तर तेंच घर दहा वर्षें मागें जातें. बियाणें, खतें व औषधें ह्यांविषयीं शेतकी मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें व तें योग्यच आहे. परंतु हा अंदाज कसा बांधला जातो व कसा बांधला जावा, ह्याविषयीं फारसें लिहिलें जात नाहीं. म्हणून चार शब्द सभासदांपुढें ठेवीत आहें.

नोकरी करणाऱ्या माणसास पुढील सालचें उत्पन्न बहुधा आजच ठाऊक असतें. शेतकऱ्याचें तसें नाहीं. त्याचें उत्पन्न तीन आंकड्यांच्या गुणाकारानें ठरतें : पेरा किती, एकरीं उतारा किती, व भाव किती. ह्यांपैकीं पहिला आंकडा त्याच्या हातीं आहे. दुसरा पावसाच्या व किडीच्या हातीं आहे. तिसरा तर अशा लोकांच्या हातीं आहे, कीं ज्यांस त्यानें जन्मांत कधीं पाहिलेलेंहि नसतें. आणि खर्च मात्र ह्या तिन्ही आंकड्यांच्या आधीं होऊन जातो. जूनमध्यें बियाणें व खत घ्यावयाचें, आणि कापसाची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास. मधल्या चार-पांच महिन्यांत घर चालतें तें केवळ अपेक्षेवर.

ही अपेक्षा आपल्या घरांत कशी तयार होते? मीं महसूल खात्यांत असतांना गांवोगांव जें पाहिलें त्यावरून तिचीं तीन मापें मला दिसतात. पहिलें माप गेल्या सालचा भाव. गेल्या सालीं जो भाव होता तोच यंदां असेल, किंबहुना थोडा चढाच असेल, असें घर धरून चालतें. दुसरें माप ऐकीव भाव. बाजार समितीच्या तक्त्यांत दराचे तीन रकाने असतात : किमान, कमाल व सर्वसाधारण. गांवांत बोलला जातो तो कमाल रकाना. तो दर कदाचित् एकाच गाडीस, निवडक मालास मिळालेला असतो; परंतु पारावर बसलेल्या पन्नास माणसांच्या तोंडीं तोच असतो. तिसरें माप उत्तम उतारा. आपल्या रानांत एखाद्या सालीं एकरीं आठ क्विंटल कापूस आला असेल, तर घरचा मनुष्य आपलें रान आठ क्विंटलांचें आहे असें सांगतो. मधल्या सालीं तीन व चार क्विंटल आले, तें त्यास अपघात वाटतें. अशा रीतीनें उत्तम उतारा, कमाल भाव व गेलें साल ह्या तिघांचा गुणाकार होतो, आणि त्या आंकड्यावर संसाराचा पाया घातला जातो. बाजारांत तुरी असतांना घरांत भांडण करणाऱ्यांस आपण हंसतों. परंतु येथें तर तुरी अजून उगवावयाच्या असतात.

हा दोष केवळ अडाणी कुणब्याचा आहे असें कोणी समजूं नये. ह्याच महाराष्ट्रांत रयत, सावकार व सरकार ह्या तिघांनींहि एकाच वेळीं हीच चूक केल्याचा दाखला आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें व तेथील कापूस इंग्लंडांतील गिरण्यांस मिळेनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसास एकाएकीं मागणी आली. दख्खनेंतील सावकार सढळ हातानें कर्ज देऊं लागले. कित्येक गांवीं कापूस लावलेल्या एकरामागें शंभर रुपयांपर्यंत उचल मिळे असें नमूद आहे. कापसाबरोबर धान्याचे भाव व मजुरीहि चढली. मुंबईंत तर शेअरांच्या सट्ट्यानें मोठमोठे व्यापारी वेडे झाले. १८६५ सालीं युद्ध संपलें, अमेरिकेचा कापूस पुन्हां बाजारांत आला, भाव कोसळले, व मुंबईंतील बँका आणि कंपन्या एकामागून एक बुडाल्या. त्याच सुमारास दख्खनेंतील तीस वर्षांच्या जुन्या जमाबंदीची मुदत सरत होती. तिचा आरंभ १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत झाला होता. नव्या जमाबंदींत धारा वाढविण्यांत आला. कित्येक गांवीं ही वाढ पन्नासांपासून शंभर टक्क्यांपर्यंत होती.

म्हणजे झालें असें, कीं तेजीचीं चार वर्षें पाहून रयतेनें कर्ज काढलें, तीं चार वर्षें पाहून सावकारानें तें दिलें, व त्याच काळाकडे पाहून सरकारनें धारा चढविला. तेजी गेली; परंतु कर्ज व धारा हीं दोन्हीं राहिलीं. सावकारानें हात आंखडला तेव्हां रयतेस धारा भरण्यासहि पैसा मिळेना. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें जो उठाव झाला, व जो पुढें नगर जिल्ह्यांत पसरला, त्यांत लोकांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हिसकावून जाळले. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ सरकारास स्वतंत्र कायदा करावा लागला. ह्या दंग्यास दुसरींहि कारणें होतीं. सावकारांचा जुलूम हें त्यांतील मोठें होय. तथापि आगंतुक उत्पन्नास कायमचें उत्पन्न समजणें, ही त्या आगीची पहिली ठिणगी होती असें माझें मत आहे.

आतां अलीकडचा दाखला पाहूं. २०२१-२२ च्या हंगामांत मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ५,७२६ रुपये होता. बाजारांत मात्र दर दहा हजारांच्या वर गेला. विदर्भ, मराठवाडा व खानदेश ह्या भागांत कित्येक वर्षांनीं शेतकऱ्याच्या तोंडावर समाधान दिसलें. पुढील सालीं देशांतील कापसाचा पेरा वाढला. २०२२-२३ च्या हंगामाच्या आरंभीं कापसास आठ-नऊ हजारांचा दर होता. हमीभाव ६,०८० रुपये होता, तेव्हां हा दर कांहीं वाईट नव्हता. परंतु घरोघरीं दहा हजारांचा आंकडा मनांत पक्का बसला होता. त्यामुळें कापूस विकला गेला नाहीं. तो खोलींत, ओसरीवर, पडवींत भरून ठेवला गेला. वाट पाहतां पाहतां संक्रांत गेली, शिमगा गेला, व उन्हाळा सरतां सरतां दर सात हजारांच्या आसपास आला. दरम्यान घरांत सांठविलेल्या कापसाचें वजन घटलें, माणसांच्या अंगास खाज सुटली, व सोसायटीच्या कर्जाची तारीख उलटली.

सोयाबीनची गोष्ट ह्याहून बोधप्रद आहे. ऑगस्ट २०२१ मध्यें सोयाबीनचा दर कांहीं बाजारांत क्विंटलास दहा हजारांपर्यंत गेला होता. परंतु श्रावण महिन्यांत सोयाबीन कोणाच्या घरीं असतें? तें शेतांत उभें असतें. त्याच महिन्यांत सोयापेंड आयात करण्यास केंद्र सरकारनें मुभा दिली, आणि नवा माल बाजारांत येतां येतां दर जवळजवळ निम्म्यावर आला. म्हणजे दहा हजारांचा भाव बहुतेक शेतकऱ्यांनीं कानानें ऐकला. हातांत तो पडलाच नाहीं. तरीहि पुढें तीन-चार वर्षें 'सोयाबीन दहा हजारांनीं गेलें होतें' हें वाक्य प्रत्येक घरीं ऐकूं येत असे. हाच ह्या विषयांतील मुख्य मुद्दा आहे, असें मला वाटतें. आपली अपेक्षा आपण मिळालेल्या भावावर बांधीत नाहीं, ऐकलेल्या भावावर बांधतों.

अपेक्षा एकदां चढली कीं ती उतरत कां नाहीं, ह्याचेंहि कारण शोधलें पाहिजे. महसूल खात्यांत पिकांच्या पैसेवारीचें काम चालतें, तें पुष्कळांस ठाऊक आहे. पूर्वी तीस आणेवारी म्हणत. प्रथम नजर अंदाजानें पैसेवारी लावितात. मग हंगाम पुढें सरकला कीं सुधारित पैसेवारी काढितात. आणि शेवटीं पीक कापणीच्या प्रयोगांवरून अंतिम पैसेवारी जाहीर होते. पन्नास पैशांच्या आंत आली तर गांव टंचाईच्या सवलतींस पात्र ठरतो. ह्या पद्धतींत दोष आहेत व शेतकऱ्यांच्या तक्रारीहि खऱ्या आहेत. परंतु तींतील एक गोष्ट घेण्यासारखी आहे. सरकारी दप्तर देखील एका हंगामांत आपला अंदाज तीन वेळां तपासतें. आपल्या घरांतील अंदाज मात्र मृगांत एकदां बांधला कीं शिमग्यापर्यंत तोच राहतो; मध्यें पावसानें महिनाभर दडी मारो, बोंडअळी पडो, वा दर खालीं येवो.

ह्यांत मानाचाहि प्रश्न आहे. चांगल्या सालीं घरानें जी पायरी गांठली तींवरून खालीं उतरणें लोकांत कमीपणाचें वाटतें. थोरल्या मुलीचें लग्न चांगल्या सालीं थाटांत झालें, तर धाकटीचें वाईट सालीं साधेपणानें कसें करावें? व्याही काय म्हणतील? भाऊबंद काय म्हणतील? म्हणून उत्पन्न उतरलें तरी खर्च उतरत नाहीं, आणि मधली जागा पतसंस्थेचें कर्ज, सोनेतारण व कृषि सेवा केंद्राची उधारी ह्यांनीं भरली जाते. घरांतील बायकांचा अंदाज पुष्कळ वेळां पुरुषांच्या अंदाजाहून खरा असतो, असें मीं पाहिलें आहे. कारण त्या बाजाराच्या गप्पांवरून नव्हे, तर घरांत दाणे किती उरले व किराण्याची उधारी किती चढली ह्यावरून सालाचें मोजमाप करितात. परंतु ट्रॅक्टरच्या कागदांवर सही करतेवेळीं त्यांस कोण विचारतो?

मिल्टन फ्रीडमन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९५७ सालीं असें मांडलें, कीं कुटुंब आपला खर्च त्या एका सालच्या मिळकतीवरून ठरवीत नाहीं. कायम टिकणारी मिळकत किती, ह्याच्या अंदाजावरून ठरवितें. हें तत्त्व मान्य केलें तरी आपला प्रश्न शिल्लकच राहतो : कायमचें कोणतें व आगंतुक कोणतें, हें शेतकऱ्यानें ओळखावें कसें? ह्यास मला एकच साधन दिसतें. तें म्हणजे आपल्या स्वतःच्या घरचा निदान पांच वर्षांचा लेखी हिशेब.

एक कल्पित उदाहरण घेऊं. एका घरीं चार एकर कापूस आहे. खर्च दरसाल ८०,००० रुपये धरूं. पांच वर्षांचा कापूस अनुक्रमें २४, २८, १४, २६ व १८ क्विंटल. भाव अनुक्रमें ५,५००, ९,०००, ८,०००, ७,००० व ७,००० रुपये. खर्च वजा जातां उरले ५२,०००, १,७२,०००, ३२,०००, १,०२,००० व ४६,००० रुपये. दुसऱ्या सालचे १,७२,००० पाहून घरानें दरसाल एक लाखाचा हप्ता पत्करला, तर पुढील तीन सालांपैकीं फक्त एका सालीं तो हप्ता भरतां येईल. आणि त्याहि सालीं घरखर्चास अवघे दोन हजार उरतील. पांच सालांची सरासरी काढली तर ती ८०,८०० येते. परंतु ही सरासरीहि फसवी आहे. कारण एका उत्तम सालानें ती वर ओढली गेली आहे, व पांचांपैकीं तीन सालें तिच्या खालीं आहेत. हेच आंकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनें मांडले, तर मधोमध ५२,००० येतात व तळाशीं ३२,०००. ह्या घराचें खरें उत्पन्न तें हेंच. किराणा, शाळेची फी, औषधपाणी व हप्ता हे दरसाल चुकवितां न येणारे खर्च तळच्या आंकड्यांत बसवावे. बसत नसतील तर मजुरी, दूध वा दुसरा जोडधंदा पाहावा, कर्ज पाहूं नये. मधल्या आंकड्यापर्यंत जें मिळेल, त्यांतून टाळतां येण्याजोगे खर्च करावे. त्याहून जें वर येईल तें आगंतुक समजावें; त्यांतून आधीं जुनें कर्ज फेडावें, मग एका सालच्या बियाण्या-खताची रक्कम बाजूस ठेवावी, आणि मग विहीर, पाइपलाइन वा लग्न ह्यांचा विचार करावा.

ह्यावर कोणी असें म्हणेल, कीं तळच्या आंकड्यांत गरिबाचें पोटहि भरत नाहीं, तेथें शिल्लक कसली? हा आक्षेप खरा आहे. दोन एकर कोरडवाहूवाल्यास वही लिहून श्रीमंत होतां येणार नाहीं. परंतु त्यालाच खोट्या अपेक्षेचा फटका अधिक बसतो. कारण मोठा जमीनदार एक वाईट साल पचवितो, लहान्यास त्यासाठीं जमीन गहाण टाकावी लागते.

दुसरा आक्षेप ह्याहून वजनदार आहे. शेतकऱ्यानें कितीहि विचारानें अंदाज बांधला तरी सरकार मध्येंच पट पालटतें, त्यास काय करावें? कांद्याचें पाहा. ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविलें. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात अजीबात बंद केली. मे २०२४ मध्यें ती ४० टक्के शुल्कासह उघडली. सप्टेंबर २०२४ मध्यें शुल्क २० टक्क्यांवर आणिलें. व १ एप्रिल २०२५ पासून तें काढून टाकलें. वीस महिन्यांत पांच फेरफार! कांद्याचें रोप टाकल्यापासून माल निघेपर्यंत जो काळ जातो, तेवढ्यांत नियम दोनदां बदलूं शकतो. कापसाच्या आयातीवरील ११ टक्के शुल्कहि एप्रिल २०२२ मध्यें व पुन्हां ऑगस्ट २०२५ मध्यें उठविण्यांत आलें. ऑगस्टांत तर आमचा कापूस शेतांत उभा होता. अशा स्थितींत शेतकऱ्याच्या अंदाजास हंसण्याचा अधिकार सरकारास पोंचत नाहीं. शहरांतील ग्राहकाचेंहि हित पाहणें सरकारचें काम आहे, हें मी नाकारीत नाहीं. माझें म्हणणें इतकेंच, कीं आयात-निर्यातीचें धोरण पेरणीपूर्वीं जाहीर व्हावें व तें माल निघून विकला जाईपर्यंत बदलूं नये. हमीभाव पेरणीच्या सुमारास जाहीर होतो हें चांगलें. परंतु खरेदी केंद्र वेळेवर उघडलें नाहीं तर तो केवळ कागदावरचा आंकडा राहतो. २०२४-२५ सालीं सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असतांना बाजारांत कित्येकांस त्याहून बरेंच कमी घ्यावें लागलें, हें ताजें आहे.

सरकारनें करावयाचें तें सरकार केव्हां करील तें सांगतां येत नाहीं. आपल्या हातीं आहे तें आपण करावें. आपल्या संघानें प्रत्येक गांवच्या शाखेंत एक फळा लावावा. त्यावर आजचा कमाल दर लिहूं नये. गेल्या दहा वर्षांत काढणीनंतरच्या तीन महिन्यांत आपल्या बाजार समितींत जो सर्वसाधारण दर होता तो पीकवार लिहावा. ज्या महिन्यांत माल आपल्या घरीं असतो त्याच महिन्यांचा भाव आपला, बाकीचा लोकांचा. तसेंच प्रत्येक सभासदानें एक साधी वही घालावी व तींत चार रकाने आंखावे : साल, एकूण उतारा, प्रत्यक्ष हातीं पडलेला भाव, व खर्च वजा जातां उरलेली रक्कम. वहींत आंकडे घालतांना घरची लक्ष्मी शेजारीं बसलेली असावी. आणि जूनमध्यें केलेला अंदाज पोळ्यास एकदां व दिवाळीस एकदां पुन्हां तपासून दुरुस्त करावा.

ह्या वहीनें पाऊस पडणार नाहीं व भावहि वाढणार नाहीं. परंतु कर्जाच्या कागदावर अंगठा वा सही उठविण्यापूर्वीं जो ती उघडून पाहील, त्यास तो हप्ता वाईट सालींहि झेपेल कीं नाहीं, हें दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं. कर्ज देणारा आपलें चांगलें साल पाहून कर्ज देतो. तें फेडावें मात्र वाईट सालीं लागतें. हें ध्यानांत धरून सभासद बंधुभगिनींनीं येत्या हंगामापासून ह्या कामास लागावें, एवढीच विनंति आहे.